दोन डबे

घरामागचा लाकडी डेक तपासनीसांनी स्वतः बांधला होता, आणि ही हकीकत ऐकल्याशिवाय त्या घरात कोणालाही चहा मिळत नसे. पाहुणा खुर्चीला टेकण्याआधी त्याला मागच्या दाराने बाहेर नेले जाई, फळ्यांमधली फट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच असल्याचे पोलादी पट्टी लावून सिद्ध केले जाई, कठड्याला हात लावून 'हलतो का बघा' असे आव्हान दिले जाई, आणि कठडा हलत नाही हे पाहुण्याने दोनदा कबूल केले की मग तो बिचारा चहाला पात्र ठरे. मोजमाप खात्यात चौतीस वर्षे दुकानदारांची वजने आणि मापे तपासून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातून पट्टी खाली ठेवली जात नव्हती. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. फक्त दुकानदारांच्या जागी घरची माणसे आली.

त्या माणसांपैकी तपासणीला सर्वांत सोयीचा म्हणजे जावई. स्वतःचे घर मिळेपर्यंत तीन महिन्यांपुरता म्हणून तो बायकोसह इथे राहायला आला होता, आणि त्या तीन महिन्यांना आता चार वर्षे होत आली होती. वरच्या खोलीत खिडकीशी बसून तो माहितीपत्रकांची मुद्रिते तपासत असे. औषधाच्या बाटलीभोवती गुंडाळलेला, पंख्याच्या खोक्यातून निघणारा, उघडल्या उघडल्या लोक फेकून देतात तो बारीक अक्षरांचा कागद जगात एकटा तोच मन लावून वाचत असे. "एका घरात दोन तपासनीस," असे त्याची बायको म्हणे. फरक एवढाच, की सासऱ्यांना चूक दिसली की घरभर भांडी वाजत, आणि जावयाला चूक दिसली की तो समासात पेन्सिलीने एक नाजूक खूण करी आणि ती कधीतरी कोणाच्या लक्षात येईल, या आशेवर गप्प बसे.

डेकची मात्र रया गेली होती. चौदा वर्षांच्या उन्हापावसाने लाकूड राखेच्या रंगाचे झाले होते, आणि अनवाणी पाऊल टाकणाऱ्याच्या तळव्यात हटकून लाकडाचे कुसळ शिरत असे. "तुमच्या डेकवर जायचं तर चिमटा घेऊन जावं लागतं," असे सासूबाई म्हणत. बायकोच्या बोलण्याने विरघळतील असे तपासनीस नव्हते. पण पुढच्या आठवड्यातल्या रविवारी खात्यातले तीन जुने सहकारी चहाला यायचे होते, आणि त्यांना गेली कित्येक वर्षे फोनवरून या डेकचे वर्णन ऐकवले गेले होते. वर्णनाला साजेसा डेक तयार करायला हातात नऊ दिवस उरले होते.

कारागीर बोलावणे म्हणजे तपासनीसांच्या लेखी शरणागती. वय झाले असे न म्हणता 'सध्या मला वेळ नाही' असे जाहीर करून त्यांनी ती पत्करली. पहिल्या कारागिराने यायचेच टाळले. फोटो मागवला आणि म्हणाला, "काढून टाका हो काका ते सगळं. प्लॅस्टिकचं बसवून देतो. लाकडासारखंच दिसतं." तपासनीसांनी फोन इतक्या हळुवार हाताने खाली ठेवला की सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले, "कोण गेलं?"

दुसरा प्रत्यक्ष आला. किती दिवस लागतील, असे विचारले, तर म्हणाला होऊन जाईल. आधी घासणार का, तर होऊन जाईल. चहा घेऊन तो गेला, आणि त्याचे होऊनच गेले. पुन्हा कोणाला दिसला नाही.

तिसऱ्या आल्या त्या पॉलिशवाल्या बाई. चाळिशीच्या, बांधेसूद, बोटांच्या पेरांत तपकिरी रंग कायमचा मुरलेला. बरोबर एक सत्तरीचे म्हातारबुवा होते, त्यांच्या हातात स्टीलचा तांब्या. बाईंनी तांब्यातले थोडे पाणी एका फळीवर ओतले आणि उकिडव्या बसून त्या ते बघत राहिल्या.

"काय चाललंय?" तपासनीसांनी विचारले.

"लाकूड पाणी पितंय का बघतेय. पाणी वर थेंबासारखं उभं राहिलं, तर आत आधीचं काहीतरी आहे. मुरलं, तर स्टेनही मुरेल."

"म्हणजे रंगच ना?"

"रंग लाकडावर बसतो. स्टेन लाकडात उतरतो. रंग असता तर मी आले नसते." पाणी मुरले होते. बाई उठल्या. "चांगलंय लाकूड. कोणी बांधलंय?"

घरात कोणाच्याही मुलाखतीत इतक्या लवकर हा प्रश्न आला नव्हता. तपासनीसांचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग त्यांनी तो शिस्तीत आणला. "हे कोण तुमचे?" त्यांनी म्हातारबुवांकडे बोट दाखवले.

"माझे मामंजी. धंदा यांचा. मी यांच्याकडून शिकले."

"म्हणजे मुख्य कारागीर हे."

"होतो," म्हातारबुवा आनंदाने म्हणाले. "आता सूनबाई सांगते ते करतो. नजर गेली, जीभ तेवढी चालते."

"तीच घरी ठेवून या म्हणते रोज," बाई म्हणाल्या.

जावई दारात उभा होता. सासऱ्याने सुनेच्या हाताखाली काम करावे आणि त्याबद्दल हसावे, हा प्रकार त्याने कोणत्याही माहितीपत्रकात वाचला नव्हता.

ठरले ते असे. मंगळवारी डेक धुवायचा, बुधवारी वाळू द्यायचा, गुरुवारी मशीनने घासायचा, शुक्रवारी स्टेनचा एकच पातळ हात. शनिवार वाळायला. रविवारी पाहुण्यांनी खुशाल पाय पसरून बसावे.

"तीन डबे लागतील," बाई म्हणाल्या.

"दोन," तपासनीस म्हणाले.

त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर गणित करून ठेवले होते. डेकचे क्षेत्रफळ इतके, डब्यावर लिहिल्याप्रमाणे एका डब्यात भागते इतके, भागाकार दोन, बाकी नगण्य. डबे ते स्वतः आणणार होते, कारण सामान कारागिराच्या हाती सोपवणारा माणूस त्यांच्या मते झाकल्या डोळ्यांनी काट्यावर उभा राहणारा.

"डब्यावरचं गणित नव्या लाकडाचं असतं, काका. हे चौदा वर्षं उन्हात आहे. घासल्यावर खूप पिणार."

"माझं लाकूड पिणार नाही," तपासनीस म्हणाले. पोटच्या पोरावर आळ आल्यासारखे.

बाईंनी एकदा म्हातारबुवांकडे पाहिले आणि विषय सोडला. जाताना त्या जावयाला सहज म्हणाल्या, "या गल्लीत आमचं पहिलंच काम. समोरच्या डॉक्टरीणबाईंचा व्हरांडा आहे, कोपऱ्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंचे दरवाजे आहेत. दोघी म्हणाल्या, आधी यांचं कसं होतंय बघतो, मग ठरवू. तेव्हा तुमच्या साहेबांना सांभाळून घ्या." जावई हसला. साहेबांनी आपल्याला सांभाळून घेतले आहे की आपण साहेबांना, हे त्याला चार वर्षांत उमगले नव्हते.

गुरुवारी दुपारभर मशीन घोंघावले. काम सोडून जावई खिडकीतून बघत राहिला. फळीमागून फळी राखाडी कातडी टाकत होती, आणि तिच्याखालून मधासारखा एक रंग वर येत होता. तो रंग तिथेच होता, सगळा वेळ; चौदा वर्षे कोणी विचारले नाही म्हणून बोलला नाही. ताज्या लाकडाचा वास खोलीपर्यंत आला. का कोण जाणे, त्याला फार एकटे वाटले आणि फार बरे वाटले. संध्याकाळी भुसा झाडून, डेकवर ताडपत्री घालून बाई आणि म्हातारबुवा निघून गेले.

ते कोपऱ्यावरून वळले असतील नसतील, तोच खालून हाक आली. "जावईबापू, जरा खाली या."

तपासनीसांनी ताडपत्री गुंडाळून बाजूला केली होती. पायाशी जवसाच्या तेलाचा जुना, गंजका पत्र्याचा डबा होता, आणि खांद्यावर चिंधी.

"लाकूड पितं म्हणे," ते म्हणाले. "ठीक. तहान लागलेल्याला आधी पाणी पाजलं, तर तो सरबत किती पिईल? अर्धा पेला. साधा व्यवहार आहे. आज तेल पिऊ दे पोटभर, उद्या दोन डबे उरून पुरतील. हा डबा धरा."

इथे सांगितले पाहिजे, की स्टेनच्या डब्यामागचा सगळा मजकूर जावयाने मंगळवारीच, केवळ सवयीने, वाचून काढला होता. 'तेल, मेण अथवा पॉलिश असलेल्या पृष्ठभागावर वापरू नये.' अक्षरे तिळाएवढी होती, 'पृष्ठभाग' बरोबर छापला होता, त्याला समाधानही वाटले होते.

"बाबा," तो म्हणाला, "त्या डब्यावर लिहिलंय की..."

"तिरका धरू नका. सांडेल."

त्याने डबा सरळ धरला.

सूर्य मावळेपर्यंत ते काम चालले. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या काट्याखाली चिकटवलेले चिंचोके शोधून काढणारे ते डोळे, ते हात. आणि ते आता आपलाच हिशेब बरोबर यावा म्हणून लाकडाच्या घशात तेल ओतत होते. माप चुकले तर माप बदलावे हा नियम सगळ्या दुकानदारांना होता. तपासनीसाला नव्हता. जावई एका फळीवरून दुसऱ्या फळीकडे डबा घेऊन सरकत होता, आणि पाऊलभर मागे, जिथे मधाचा रंग होता, तिथे काळपट ओल पसरत होती. डबा अगदी सरळ होता. एक थेंब सांडला नाही.

शुक्रवारी सकाळी बाईंनी ताडपत्री काढली आणि थबकल्या. "रात्री पाऊस झाला?"

"दव," तपासनीस म्हणाले.

"ताडपत्रीखाली?"

"आमच्याकडे दव फार."

म्हातारबुवांनी नाक वर करून हवा हुंगली. "तेलासारखा वास येतोय, सूनबाई."

"बिजागऱ्यांना दिलं काल," तपासनीस म्हणाले. "दार कुरकुरत होतं." दार खरोखरच कुरकुरत होते. ते अजूनही कुरकुरतच होते.

बाईंनी तांब्यातून पाणी ओतले. थेंब फळीवर उभे राहिले, टपोरे, चकचकीत. "पीत नाहीये," त्या म्हणाल्या.

"आधीच भिजलंय, तर पिईल कसं?"

तर्क बिनतोड होता. बाई थेंबांकडे बघत राहिल्या, मग त्यांनी मान वर केली आणि तपासनीसांना वगळून सरळ दारातल्या जावयाला विचारले, "दव होतं का हो?"

घरात कशाचीही खात्री करून घ्यायची असली की कोणी जावयाला विचारत नसे. या बाईंनी विचारले होते. हा मान होता, आणि तो त्याला ओळखता येईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघून गेलाही होता.

"हो," तो म्हणाला. "दव होतं."

"बरं," बाई म्हणाल्या. विश्वास ठेवायला त्यांना तेवढे पुरले.

त्या अकरापर्यंत थांबल्या. उन्हाने वरची ओल ओढून घेतली, फळ्या कोरड्या दिसू लागल्या. त्यांनी दोनदा कोरड्या फडक्याने पुसून घेतले आणि ब्रश हाती घेतला. म्हातारबुवा मागोमाग जादाचा स्टेन टिपत होते. दुपारी तीनला काम संपले, तेव्हा दुसऱ्या डब्याच्या तळाशी चार बोटे स्टेन उरला होता. तपासनीसांनी डबा उचलून बाईंना दाखवला, सासूबाईंना दाखवला, कुंपणापलीकडून जाणाऱ्या पोस्टमनलाही दाखवला.

"चुकलं माझं गणित," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होते. "वीस वर्षांत पहिल्यांदा."

तेल गेले, तूप गेले म्हणतात. इथे तेल कुठेच गेले नव्हते. शनिवारी सकाळी डेकवर बोट ठेवले तर बोट चिकटत होते. शनिवारी दुपारी चिकटत होते. संध्याकाळी एक फुलपाखरू बसले आणि ते तिथलेच झाले.

"बाबा," जावई म्हणाला, "तेलामुळे असेल का?"

"कोणतं तेल?"

जावयाने त्यांच्याकडे पाहिले. ते खोटे बोलत नव्हते, हेच भयंकर होते. ज्या वजनावर खात्याचा शिक्का नाही ते वजन नाहीच, या न्यायाने गुरुवारची संध्याकाळ त्यांच्या दप्तरात जमाच झाली नव्हती.

वर येऊन त्याने बायकोला सगळे सांगितले. ती केस विंचरायची थांबली. "मग सांग ना खाली जाऊन."

"कोणाला?"

"त्यांना. बाईंना. मला सांगितलंस तसं. नाहीतर मी सांगते."

"नको. मी सांगतो."

"कधी?"

त्याने खिडकीबाहेर पाहिले. खाली डेक चकाकत होता. इतका सुंदर, की तो वाळलेला नाही हे कोणालाही खरे वाटले नसते. फोन हातात घेऊन त्याने बाईंचा नंबर काढला, चार ओळी लिहिल्या, त्यांतला एक अनावश्यक स्वल्पविराम काढला, आणि मग त्या ओळीही काढल्या.

रविवारी सकाळी तपासनीसांनी पट्टी, वही आणि पेन घेतले. फळ्यांना क्रमांक दिले. कोणत्या फळीवर बोट ठेवल्यास किती सेकंदांनी सुटते, याचे कोष्टक तयार झाले. मग त्यांनी बाईंना फोन केला. साडेचारला यावे, सहकाऱ्यांसमक्ष पंचनामा होईल आणि नंतर तो गल्लीच्या ग्रुपवर घातला जाईल. गल्लीच्या ग्रुपवर सत्तेचाळीस माणसे होती. त्यांत डॉक्टरीणबाई होत्या, मुख्याध्यापिकाबाई होत्या, आणि तपासनीसांच्या एका ओळीवर कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला एकदा आपला लिटर बदलावा लागला होता. त्या ग्रुपवर ज्याचे नाव गेले, त्याने या गल्लीत ब्रश घेऊन पाऊल टाकण्यात अर्थ नव्हता.

चारला सहकारी आले. खात्याचे माजी हेडक्लार्क, तुळतुळीत डोक्याचे आणि कानाने तिखट, आणि त्यांच्यामागे आणखी दोघे, ज्यांची नोकरी हेडक्लार्कांच्या 'बरोबर आहे'ला 'बरोबर आहे' म्हणण्यात गेली होती आणि ती सवय सुटलेली नव्हती. तिघांनी डेकवर पाऊल टाकले. हेडक्लार्क पुढे गेले, त्यांची उजवी चप्पल मागे राहिली.

"पकड चांगलीये," ते म्हणाले.

"बरोबर आहे," दोघे म्हणाले.

खुर्च्या टेकल्या त्या टेकल्याच. साडेचारला बाई आणि म्हातारबुवा मागच्या फाटकातून आत आले. सासूबाई आणि लेक दारात होत्या, त्यांच्यामागे जावई. तपासनीस उभे राहिले, घसा खाकरून त्यांनी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. मुद्दा पहिला, काम शुक्रवारी पूर्ण. मुद्दा दुसरा, एकोणपन्नास तास उलटूनही पृष्ठभाग ओला. मुद्दा तिसरा, कारागिराने डब्यांचा अंदाज चुकवला असल्याचे स्वमुखाने कबूल केलेले आहे, यावरून तिचे या विषयातले ज्ञान...

बाई ऐकत नव्हत्या. त्या खाली बसल्या होत्या आणि एका फळीवर अंगठा दाबून बघत होत्या. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"मामंजी," त्या हळूच म्हणाल्या, "मी हात पातळच दिला होता ना?"

"पातळच होता, सूनबाई."

"की जाड झाला? तुम्ही टिपत होतात. जास्त येत होता का फडक्याला?"

"नव्हता."

"माझ्याच हाताला कळलं नसेल." त्यांनी आपला तळवा उलटा करून पाहिला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. "डबेही चुकले माझे. असं व्हायला लागलं तर..."

बाईंनी भांडण केले असते, आवाज चढवला असता, तर जावई बहुधा नेहमीप्रमाणे जिन्याकडे वळला असता. पण वीस वर्षांचा हात त्या बाई आता समोर धरून तपासत होत्या, आणि त्यात नसलेली चूक शोधत होत्या. आणि चूक कुठे आहे ते त्याला माहीत होते, ओळ आणि अक्षरासकट. तो दारातून बाहेर आला. त्याचे मोजे डेकला चिकटले.

"तेल होतं," तो म्हणाला.

आवाज इतका लहान होता की तपासनीस मुद्दा चौथा वाचू लागले.

"तेल होतं," तो पुन्हा म्हणाला. "गुरुवारी संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर, सगळ्या फळ्यांना जवसाचं तेल लावलं. डबा मी धरला होता. दव नव्हतं. ते मी खोटं बोललो."

वही बंद झाली नाही, पण वाचन थांबले. हेडक्लार्कांनी चमचा बशीत ठेवला.

बाईंनी मान वर केली. त्यांनी आधी श्वास सोडला, मग हात खाली ठेवला. मग त्या जावयाकडे वळल्या. "तुम्हालाच विचारलं होतं मी," त्या म्हणाल्या.

"हो."



"एक मिनिट," हेडक्लार्क म्हणाले. त्यांचे कान टवकारले होते. "नोंदीसाठी विचारतो. डबा यांच्या हातात होता. मग चिंधी कोणाच्या हातात होती?"

"बरोबर आहे," दोघांपैकी एक म्हणाला, आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारले.

तपासनीस वहीकडे पाहत होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सासूबाईंनी पदर खोचला. "अहो, विचारताहेत ते तुम्हाला. सांगा की. चौतीस वर्षं लोकांना विचारत होतात."

"लाकडाच्या हिताच्या दृष्टीने," तपासनीस म्हणाले, "काही एक पूर्वतयारी..."

"म्हणजे चिंधी तुमच्या हातात होती," हेडक्लार्क म्हणाले.

"होती."

म्हातारबुवा खो खो हसायला लागले, आणि सुनेने डोळे वटारले तरी थांबले नाहीत. "म्हणून दोन डब्यांत भागलं, सूनबाई. अगं, पोट तुडुंब होतं त्याचं. तुझं गणित बरोबर होतं."

"कळलं मला," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्या उभ्या राहिल्या आणि तपासनीसांकडे वळल्या. "ग्रुपवर टाकणार होतात ना? टाका."

"हे काय ग्रुपवर..."

"सकाळी मला फोनवर धमकी दिलीत, तेव्हा डॉक्टरीणबाई तुमच्या फाटकाशी उभ्या होत्या, आता येताना त्यांनीच मला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल की पॉलिशवालीनं काम बिघडवलं. टाका."

तपासनीसांनी फोन काढला. एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, त्यांनी बराच वेळ लिहिले आणि फोन बाईंना दाखवला. 'काही तांत्रिक कारणांमुळे आमच्या डेकचे काम लांबणीवर पडले आहे.'

"तांत्रिक म्हणजे कोण?" बाईंनी विचारले.

जावयाने हात पुढे केला. आपला फोन सासऱ्यांनी त्याच्या हातात का दिला, हे त्या दोघांनाही नीट सांगता आले नसते; कदाचित त्या हाताने तो मागितला होता म्हणून. त्याने आधीची ओळ पुसली आणि लिहिले: 'गुरुवारी आम्ही डेकच्या लाकडाला तेल लावले आणि कारागिरांना सांगितले नाही. त्यांनी विचारले तेव्हा खोटे सांगितले. त्यामुळे स्टेन वाळला नाही. त्यांच्या कामात चूक नाही.' खाली त्याने सासऱ्यांचे नाव घातले, त्याच्याखाली स्वतःचे. एकदा वाचले. पेन्सिलीने खूण करण्यासारखे त्यात काही नव्हते. त्याने ते पाठवले.

सत्तेचाळीस माणसांचे फोन वाजले असतील. पहिला अंगठा आला तो दारात उभ्या असलेल्या सासूबाईंचा. दुसरा लेकीचा. मग डॉक्टरीणबाईंनी लिहिले, 'आमच्या व्हरांड्याला कोणीही तेल लावलेले नाही. बाईंना केव्हा वेळ आहे?'

बाईंनी जावयाच्या हातातल्या फोनवर ते वाचले आणि कामाला लागल्यासारख्या डेकवरून नजर फिरवली. "हे सगळं थिनरनं पुसून काढायचं. खरवडायचं. मग परत घासायचं. तीन दिवस. या वेळी डबे चार."

"चार?" तपासनीस म्हणाले.

"पाच?" बाईंनी विचारले.

"चार," तपासनीस म्हणाले.

"उद्या आठला येते. खरवडायला एक माणूस जास्तीचा लागेल."

"मी येतो," जावई म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं." बाई तपासनीसांकडे बघत होत्या.

हेडक्लार्क आपली चप्पल सोडवण्याच्या निमित्ताने खाली वाकले. तपासनीसांनी आपल्या हातांकडे पाहिले, आपल्या फळ्यांकडे पाहिले, आणि मग खात्यात शोभेल अशा ताठ आवाजात म्हणाले, "आठ म्हणजे आठ. सव्वाआठ चालणार नाही."

"मी वेळेवर असते. तुमचं बघा."

म्हातारबुवा तांब्या उचलून सुनेमागोमाग निघाले. फाटकाशी ते वळले आणि तपासनीसांना हलकेच म्हणाले, "गुडघ्याखाली पोतं घ्या दुमडून. पहिले दोन दिवस जड जातं. मलाही गेलं होतं."